गुन्हा कोण ठरवतो, बातमी कोण लिहितो?

विद्यापीठांतील गुन्हाशास्त्र आणि माध्यम-अभ्यास यांविषयी आपली भूमिका

दर वर्षी जून-जुलै महिन्यांत विद्यापीठांचे प्रवेश सुरू झाले की पक्षसभासदांच्या घरांतही तोच प्रश्न चर्चेला येतो. मुलाने किंवा मुलीने कोणता विषय घ्यावा? अभियांत्रिकी, वाणिज्य, कायदा हे विषय आपल्या ओळखीचे आहेत. परंतु एखादी मुलगी गुन्हाशास्त्र, म्हणजेच क्रिमिनॉलॉजी, घ्यायचे म्हणते आणि त्याच्या जोडीला माध्यमांचा अभ्यास करायचा म्हणते, तेव्हा घरातील आणि शाखेतील वडीलधारी मंडळी साशंक होतात. ब्रिटनमधील काही विद्यापीठांत या दोन विषयांची एकत्र पदवी दिली जाते. आपल्याकडे ते बहुधा वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात, पण ते एकमेकांना जोडून शिकण्याची इच्छा असलेले विद्यार्थी आपल्याकडेही आहेत.

आपल्या कार्यकर्त्यांत यावर दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हा सुखवस्तू मध्यमवर्गाच्या हौसेचा विषय आहे. कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांनी पोटापाण्याचे शिक्षण घ्यावे. दुसरे मत वरवर अधिक क्रांतिकारक दिसते. ते असे की, गुन्हाशास्त्र ही पोलिसांची विद्या आणि वृत्तपत्रविद्या ही जाहिरातदारांची विद्या. तेव्हा आपल्या मुलांचे तेथे काय काम? आमच्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत. वर्गीय समाजात कोणत्या कृत्याला गुन्हा म्हणावयाचे हे सत्ता ठरवते, आणि ते ठरवणे सर्वसामान्य माणसाला नैसर्गिक वाटावे हे काम बातमी करते. या दोन यंत्रणा एकत्र चालतात. म्हणून त्यांचा अभ्यासही एकत्र झाला पाहिजे, आणि तो सार्वजनिक विद्यापीठात, श्रमिकांच्या मुलांनी केला पाहिजे.

या विद्येचा जन्म

गुन्हाशास्त्राची सुरुवात प्रतिगामी झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. इटलीत चेझारे लोम्ब्रोझो याने १८७६ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो, त्याच्या कवटीवरून व जबड्यावरून तो ओळखता येतो, असे प्रतिपादन केले. १८८५ मध्ये गारोफालो याने या विद्येला तिचे आजचे नाव दिले. कारखान्यांच्या शहरांत गर्दी करणाऱ्या दरिद्री जनतेची भीती वाटणाऱ्या वर्गाला हा सिद्धान्त मानवणे स्वाभाविक होते. दारिद्र्य हे व्यवस्थेचे अपत्य आहे असे म्हणण्यापेक्षा तो रक्ताचा दोष आहे असे म्हणणे सोयीचे होते.

ब्रिटिश साम्राज्यशाहीने मात्र लोम्ब्रोझोची वाट पाहिली नाही. त्याच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधी, १८७१ मध्ये, हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा झाला. एका व्यक्तीने काय केले हे न पाहता ती कोणत्या जमातीत जन्मली यावरून तिला गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार सरकारने घेतला. पोलीसपाटलाकडे हजेरी, परवान्यावाचून गावाबाहेर जाण्यास बंदी, आणि पुढे तारेच्या कुंपणातील वसाहती. सोलापूरच्या अशा वसाहतीतील माणसे तेथील कापडगिरण्यांत राबली. ज्यांना समाजाला घातक म्हणून कोंडले, त्यांचेच श्रम भांडवलदाराला स्वस्तात उपलब्ध झाले, यातच या कायद्याचे अर्थकारण दिसते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. परंतु त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांसंबंधीचे कायदे आले, आणि पोलीसठाण्याच्या मनातील यादी तशीच राहिली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी वाचकाला या यादीची दुसरी बाजू प्रथमच त्या माणसांच्या तोंडून समजली.

परंतु विद्येचा हा एकच प्रवाह नाही. मार्क्सला अर्थशास्त्राकडे प्रथम कोणी वळवले? त्याने स्वतः १८५९ मध्ये नमूद केल्याप्रमाणे, ऱ्हाईन प्रांतातील लाकूडचोरीच्या कायद्यावरील चर्चेने. १८४२ मध्ये, चोवीस वर्षांचा पत्रकार असताना, त्याने 'ऱ्हायनिश त्साइटुंग' या दैनिकात या प्रश्नावर लिहिले. जंगलात पडलेल्या काटक्या गोळा करणे हा गरिबांचा परंपरागत हक्क होता. जंगलमालकांच्या हितासाठी विधिमंडळाने त्याला चोरी ठरवले. कृत्य तेच राहिले, फक्त त्याचे नाव बदलले आणि त्याबरोबर माणूस तुरुंगात गेला. मार्क्सवादाच्या उगमापाशीच गुन्ह्याच्या व्याख्येचा प्रश्न आणि वृत्तपत्राचे पान असे एकत्र उभे आहेत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली जळण आणि मोहफुले यांसाठी खटले भोगलेल्या गडचिरोलीच्या वा बस्तरच्या आदिवासीला हा लेख समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

पुढे हॉलंडचा समाजवादी अभ्यासक विल्यम बोंगर याने १९०५ मध्ये गुन्हेगारी आणि आर्थिक परिस्थिती यांच्या संबंधावर मोठा ग्रंथ लिहिला. १९४० मध्ये नाझी फौजा त्याच्या देशात शिरल्या तेव्हा त्यांच्या सत्तेखाली जगण्यापेक्षा त्याने मृत्यू पत्करला. अमेरिकेत एडविन सदरलंड हा काही मार्क्सवादी नव्हता. पण १९३९ मध्ये त्याने पांढरपेशा गुन्हा ही कल्पना मांडली आणि सत्तर मोठ्या कंपन्यांचे कायदेभंग तपासून १९४९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. गरिबाच्या चोरीची चर्चा करणाऱ्या या विद्येने कंपनीच्या संचालक मंडळाकडे बोट दाखवताच काय घडले? प्रकाशकाच्या व विद्यापीठाच्या आग्रहामुळे ग्रंथातून कंपन्यांची नावे काढावी लागली. ती नावे असलेली संपूर्ण आवृत्ती निघाली १९८३ मध्ये. खिसेकापूचे नाव दुसऱ्याच दिवशी छापणाऱ्या समाजाला कंपनीचे नाव छापण्यास चौतीस वर्षे लागली.

आणि आपण स्वतः कोण होतो? १९२९ च्या मेरठ कट खटल्यात डांगे, अधिकारी, घाटे, मिरजकर, मुझफ्फर अहमद आदी तीसहून अधिक जण सरकारी दप्तरात बादशहाविरुद्ध कट करणारे गुन्हेगार होते. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी जे सांगितले ते देशभर पोहोचले. गुन्हा या शब्दाचा वर्गीय अर्थ आपल्या पक्षाला ग्रंथांतून नव्हे, अनुभवातून ठाऊक आहे.

बर्मिंगहॅमचा धडा

गुन्हा आणि बातमी यांचा एकत्रित अभ्यास कसा करावा याचा उत्तम नमुना ब्रिटनमध्ये तयार झाला. १९७२ मध्ये स्टॅन्ली कोहेन याने समुद्रकिनाऱ्यावरील तरुणांच्या किरकोळ हाणामाऱ्यांना वृत्तपत्रांनी राष्ट्रीय संकटाचे रूप कसे दिले, ते दाखवले. त्यानंतर बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या समकालीन संस्कृती अभ्यास केंद्रात स्टुअर्ट हॉल आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी 'पोलिसिंग द क्रायसिस' हा ग्रंथ सिद्ध केला. तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. १९७२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी अमेरिकेतून 'मगिंग' हा शब्द उचलला. रस्त्यात अडवून लुटणे हा गुन्हा इंग्लंडमध्ये शेकडो वर्षांचा जुना. शब्द मात्र नवा, आणि त्या शब्दाबरोबर कृष्णवर्णीय तरुणाचे चित्र आले. नोव्हेंबर १९७२ मध्ये बर्मिंगहॅमच्या हॅन्ड्सवर्थ भागात तीन मुलांनी एका माणसाला लुटले व गंभीर जखमी केले. हाती आले ३० पेन्स, काही किल्ल्या आणि पाच सिगारेटी. मार्च १९७३ मध्ये त्यांतील सोळा वर्षांच्या मुलाला वीस वर्षांची आणि इतर दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. हॉल व त्याच्या सहकाऱ्यांनी हल्ल्याचे क्रौर्य नाकारले नाही. त्यांनी विचारले: शिक्षा एवढी का, आणि आताच का?

त्यांचे उत्तर आजही उपयोगी आहे. बातमीचा पहिला अर्थ पोलीस अधिकारी, न्यायाधीश आणि मंत्री लावतात, कारण वार्ताहर त्यांच्याकडेच जातो. वृत्तपत्र तो अर्थ लोकांच्या बोलीत उतरवते. मग ती बातमी हेच लोकमत म्हणून न्यायालयात आणि संसदेत सांगितले जाते, आणि कडक शिक्षेची पुन्हा बातमी होते. असे हे चक्र फिरते. त्यासाठी कोणी गुप्त बैठक घेण्याची गरज नसते. आर्थिक अरिष्ट, बेकारी आणि संप यांनी हादरलेल्या शासक वर्गाला जनतेची संमती मिळेनाशी झाली की कायदा व सुव्यवस्थेच्या नावाने ती भीतीतून मिळवली जाते. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच थॅचरबाई सत्तेवर आल्या.

ज्या केंद्राने हे काम केले त्याचे पुढे काय झाले? त्यातून वाढलेला विभाग बर्मिंगहॅम विद्यापीठाने २००२ मध्ये बंद केला. संशोधनाच्या गुणांकनाचे कारण पुढे करण्यात आले. अमेरिकेत बर्कली येथील गुन्हाशास्त्राची संस्था पोलीस प्रशिक्षणासाठी नावाजलेली होती. तेथील तरुण अध्यापकांनी वर्णद्वेष आणि पोलिसांचा हिंसाचार यांवर शिकवण्यास सुरुवात केली, आणि १९७६ मध्ये ती संस्थाच बंद झाली. ही विद्या निरुपयोगी असती तर ती बंद करण्याची तसदी कोणी घेतली नसती.

आपल्या बातम्यांची भाषा

आता आपल्या मराठी वृत्तपत्रांकडे वळू. संशयित, आरोपी आणि गुन्हेगार हे तीन शब्द कायद्याने अगदी भिन्न आहेत. बातमीत मात्र अटकेच्या दिवशीच 'अट्टल गुन्हेगार जेरबंद' होतो, 'टोळीच्या मुसक्या आवळल्या' जातात, आणि पुरावा म्हणून 'सूत्रांकडून समजते' एवढे पुरते. आरोपी गरीब असेल तर त्याची जमात, प्रांत किंवा धर्म मथळ्यात येतो. 'पारधी टोळी' असे छापताना संपादकाची लेखणी अडखळत नाही. तोच आरोपी उद्योगपती असेल तर त्याने 'अनियमितता' केलेली असते. संप करणारे कामगार जनतेला 'वेठीस धरतात', फेरीवाले 'अतिक्रमण' करतात. यंत्राचे संरक्षक कुंपण मालकाने काढून ठेवल्यामुळे कामगाराचा हात गेला तर तो 'दुर्दैवी अपघात' असतो. किमान वेतन बुडवणे हा कायद्याने दंडनीय अपराध आहे, पण गुन्हेवृत्ताच्या स्तंभात त्याला कधी जागा मिळाली आहे काय?

भोपाळचे उदाहरण या दृष्टीने कायमचे लक्षात ठेवावे असे आहे. राजकुमार केसवानी नावाचा पत्रकार आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून १९८२ पासून लिहीत होता की, युनियन कार्बाइडचा कारखाना शहराचा घात करील. मोठ्या वृत्तपत्रांनी आणि सरकारने दुर्लक्ष केले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. कंपनीचा प्रमुख वॉरन अँडरसन याला अटक झाली, जामीन मिळाला आणि तो देशाबाहेर गेला. २०१४ मध्ये खटल्याला सामोरे न जाताच तो वारला. जून २०१० मध्ये कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती दोन वर्षांची. हॅन्ड्सवर्थमधील त्या मुलाची वीस वर्षे आणि भोपाळची ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. हा पाठ वृत्तपत्रविद्येचा की गुन्हाशास्त्राचा, असे कोणी विचारले तर उत्तर एकच: दोन्हींचा.

अलीकडचे उदाहरण २०२० चे. त्या वर्षी टाळेबंदीने लक्षावधी कामगार बेकार होऊन पायी गावी गेले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार त्याच वर्षी देशात ३७,६६६ रोजंदारी मजुरांनी आणि शेतीशी संबंधित १०,६७७ जणांनी आत्महत्या केल्या. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी मात्र अनेक आठवडे एकाच मृत्यूची चर्चा केली, तो एका चित्रपट अभिनेत्याचा. त्याच्या मैत्रिणीला वाहिन्यांनी आधी दोषी ठरवले; नंतर अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला सुमारे महिनाभर तुरुंगात राहावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा माध्यमी खटल्यांमुळे न्यायदानात अडथळा येतो, असे स्पष्ट म्हटले. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. ४८ हजारांवर श्रमिकांच्या मृत्यूंना कोणी आरोपी शोधला नाही, कारण तेथे आरोपी म्हणून व्यवस्थेचे नाव घ्यावे लागले असते.

तुरुंगात कोण आहे?

बातमीच्या या भाषेचा शेवट तुरुंगाच्या दारात होतो. २०२२ च्या अधिकृत तुरुंग आकडेवारीप्रमाणे देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे शेकडा ७५.८, कच्चे कैदी होते. त्यांचा अपराध सिद्ध झालेला नव्हता. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश दलित, आदिवासी व इतर मागासवर्गीय होते. शंभर कैद्यांच्या जागेत सरासरी एकशे एकतीस कोंडलेले होते.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत बॉम्बस्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी मेले. बहुतेक जण कामावरून घरी परतणारे नोकरदार आणि कामगार होते. काही महिन्यांतच तपास यंत्रणेने गुन्हा उलगडल्याचे जाहीर केले आणि माध्यमांनी निकाल लावून टाकला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व बारा जणांना निर्दोष ठरवले. तोवर एकाचा तुरुंगात मृत्यू झाला होता. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले हे खरे. पण एकोणीस वर्षांपूर्वी ज्यांनी मथळे छापले, त्यांपैकी किती जणांनी आपल्या जुन्या बातम्या पुन्हा उघडून पाहिल्या? खोट्या खात्रीची किंमत केवळ त्या बारा कुटुंबांनी दिली असे समजू नये. मृतांच्या कुटुंबांनाही आपल्या माणसांना कोणी मारले याचे उत्तर मिळाले नाही.

भीमा-कोरेगाव प्रकरणात पोलिसांनी ऑगस्ट २०१८ मध्ये पत्रकार परिषद घेऊन पत्रे वाचून दाखवली. प्रकरण न्यायालयात असताना हे कसे केले, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने विचारला. त्याच प्रकरणात पुढे अटक झालेले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कच्चे कैदी म्हणूनच मरण पावले. झारखंडच्या तुरुंगांतील आदिवासी कच्च्या कैद्यांचा त्यांनी अभ्यास केला होता, हे येथे विसरता येणार नाही. ज्याने तुरुंगाचा अभ्यास केला, त्याला तुरुंगाने गिळले.

विद्यापीठातील संघर्ष

अशा परिस्थितीत विद्यापीठे काय शिकवतात, हा प्रश्न गौण कसा म्हणता येईल? आपल्या देशात या विद्यांना सार्वजनिक संस्थांत स्थान मिळाले ते स्वातंत्र्योत्तर काळात. सागर विद्यापीठात १९५९ मध्ये गुन्हाशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून वृत्तपत्रविद्येचा विभाग आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत दोन्ही विषयांचे विभाग एकाच आवारात आहेत.

या संस्थेच्या 'कोशिश' प्रकल्पाने २०१८ मध्ये बिहारमधील निवारागृहांची पाहणी करून सरकारला अहवाल दिला. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील मुलींवरील अत्याचार त्यामुळे उघडकीस आले. ते गृह चालवणारा मुख्य आरोपी स्वतः एका दैनिकाचा मालक होता. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरवले. ज्या गावात वृत्तपत्राचा मालकच गुन्हेगार होता, तेथे बातमी वृत्तपत्रातून आली नाही, विद्यापीठाच्या पाहणीतून आली. उलट, सुकन्या शांता या पत्रकार महिलेने २०२० मध्ये तुरुंगांतील जातीवर आधारित कामवाटप उघडकीला आणले: झाडू-संडासाचे काम एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला, आणि हे सारे तुरुंगाच्या छापील नियमावल्यांत. त्यांच्याच याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानण्याच्या प्रथेवरही ताशेरे ओढले. १८७१ च्या कायद्याचे भूत तुरुंगाच्या वह्यांतून हुसकण्यासाठी एका बातमीची गरज पडली. संशोधकाने वार्ताहराचे आणि वार्ताहराने संशोधकाचे काम केले तर काय साधते, याची ही दोन उदाहरणे.

शासक वर्गाला हे कळत नाही असे नाही. २०२० मध्ये केंद्राने न्यायवैद्यक विज्ञानासाठी आणि संरक्षण-पोलीस शिक्षणासाठी गुजरातमध्ये दोन राष्ट्रीय विद्यापीठे गृहमंत्रालयाच्या छायेखाली स्थापन केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तपासणीची तरतूद केली आहे. शास्त्रीय तपासाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पोलिसी मारहाणीपेक्षा प्रयोगशाळा केव्हाही बरी. परंतु रक्ताचा डाग कोणाचा हे सांगणारी विद्या वाढवायची आणि कायदा कोणाचा हे विचारणारी विद्या उपाशी मारायची, हे धोरण स्पष्ट दिसते. टाटा संस्थेत मागासवर्गीय विद्यार्थ्यांचे आर्थिक साहाय्य काढून घेतल्यामुळे फेब्रुवारी २०१८ मध्ये संप झाला. एप्रिल २०२४ मध्ये डाव्या विद्यार्थी चळवळीतील एका दलित संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावरच २०२५ मध्ये त्याची वाट मोकळी झाली. जून २०२४ मध्ये शंभरहून अधिक अध्यापक व कर्मचाऱ्यांना निधीअभावी कामावरून कमी केल्याच्या नोटिसा दिल्या गेल्या. ओरड झाल्यावर दोन दिवसांत त्या मागे घ्याव्या लागल्या. बर्कली आणि बर्मिंगहॅम आपल्यापासून फार दूर नाहीत.

एका चुकीपासून सावध

येथे आपल्याच बाजूच्या एका उथळ विचाराबद्दल बोलणे आवश्यक आहे. गुन्हा ही सत्तेची व्याख्या आहे म्हणून प्रत्येक गुन्हेगार हा बंडखोरच, असे मानणारे काही तरुण असतात. वस्तीत राहणारा कामगार असे मानत नाही. मटका, हातभट्टी, सावकाराचे गुंड, मुलींची छेडछाड हे सारे त्याच्या दारात घडते. श्रीमंताला भिंत आणि पहारेकरी आहे; चाळीत राहणाऱ्याला ते नाहीत. ब्रिटनमध्ये जॉन ली व जॉक यंग या डाव्या अभ्यासकांनी १९८४ मध्ये हेच सांगितले की, गुन्ह्याचे सर्वांत मोठे बळी श्रमिकच असतात आणि हा प्रश्न उजव्यांच्या हाती सोडणे आत्मघातकी आहे.

आपल्या चळवळीला तर हे रक्ताने शिकावे लागले आहे. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कॉ. कृष्णा देसाई यांचा खून झाला. गिरणगावातील लाल बावटा उखडण्यासाठी गुंडगिरीचा वापर कसा झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर हल्ला झाला आणि चार दिवसांनी ते गेले. दाभोलकर खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. सूत्रधार कोण, हा प्रश्न मागे उरलाच. गोळी झाडणाऱ्याच्या पलीकडे पाहणारा तपास आणि त्याचा पाठपुरावा करणारी पत्रकारिता आपल्याला हवी असेल, तर त्या विद्या जाणणारी माणसे आपल्यात असली पाहिजेत.

आपली कामे

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. विद्यार्थी आघाडीने सार्वजनिक विद्यापीठांत हे विभाग टिकवण्याची, रिक्त जागा भरण्याची आणि शिष्यवृत्त्या वेळेवर देण्याची मागणी आपल्या मागणीपत्रात घ्यावी. अभ्यासक्रमात वेतनचोरी, कारखान्यांतील सुरक्षा नियमांचा भंग, जातीय अत्याचार आणि विमुक्त जमातींचा इतिहास यांना स्थान मिळावे, असा आग्रह धरावा. या विषयांना प्रवेश घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना नाउमेद करू नये. त्यांना शाखेच्या कामाशी जोडावे.

शाखांनीही विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुंबई असो की इंदूर, बडोदे असो की बेळगाव, एका स्थानिक वृत्तपत्राची महिनाभराची गुन्हेवृत्ते कापून ठेवावीत आणि अभ्यासवर्गात चार प्रश्न विचारावेत. माहिती कोणी दिली? आरोपीची जात वा धर्म का सांगितला? त्याचा वा त्याच्या वकिलाचा शब्द कोठे आहे? आणि त्याच महिन्यात आपल्या भागात कामगारांचे किती अपघात झाले, त्यांतील किती छापून आले? हिशेबाच्या या कागदावरून नव्या सभासदाला जे समजेल, ते अनेक व्याख्यानांतून समजणार नाही.

पक्षाशी संबंधित वकील आणि विद्यार्थी यांनी जिल्हा तुरुंगांतील कच्च्या कैद्यांच्या याद्या मिळवण्याचे काम हाती घ्यावे. नव्या प्रक्रिया कायद्याच्या कलम ४७९ प्रमाणे, काही गंभीर गुन्हे व अपवाद वगळता, प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ तुरुंगात काढला असेल तर त्यांना सुटकेचा मार्ग आहे. हे कलम ठाऊक नसल्यामुळे कोंडून राहिलेला प्रत्येक मजूर आपल्या निष्क्रियतेची साक्ष देतो. आणि आपल्या स्वतःच्या पत्रानेही एक शिस्त पाळावी: आरोपीला गुन्हेगार म्हणू नये, जमातीला टोळी म्हणू नये, आणि मालकाच्या गुन्ह्याला अपघात म्हणू नये.

जंगलातील काटक्यांपासून भोपाळच्या वायूपर्यंत प्रश्न तोच राहिला आहे. ज्या वर्गाच्या हाती कायदा आणि छापखाना आहे, तो आपला गुन्हा झाकतो आणि दुसऱ्याच्या दारिद्र्याला गुन्हा ठरवतो. त्याच्या हातातील ही दोन्ही हत्यारे ओळखणारी एक पिढी घडवणे हे आजच्या विद्यार्थी आणि कामगार चळवळीचे काम आहे. कामगाराच्या मुलीने गुन्हाशास्त्र घ्यायचे ठरवले तर तिला अडवू नका. तिच्या वर्गाला तिची गरज आहे.